शिखरावरचं गिधाड, खालचा गवंडी आणि भाड्याची सायकल

बेतवा नदीच्या पलीकडच्या काठावर, भाड्याची सायकल खडकाला टेकवून बसलो होतो. समोर ओरछ्याच्या छत्र्यांची, म्हणजे जुन्या राजांच्या स्मारकांची रांग, त्यांच्यावर कलतं ऊन. एका शिखराचा कळस जरा तिरपा वाटला म्हणून दुर्बीण लावली, तर कळसाने मान वळवली. लांब, जवळजवळ बोडकी मान, पोक काढलेले खांदे. त्याच्या खाली कोनाड्यात काटक्यांचा ढीग, आणि कोनाड्यापासून निघून भिंतीवरून उतरलेले पांढरे ओघळ, जणू कोणी वरून चुन्याची बादली ओतली असावी.

शेजारी एक मराठी कुटुंब फोटो काढत होतं. त्यातले काका म्हणाले, "एवढी सुंदर वास्तू, पण साधी धुवून घेत नाहीत. काय अवस्था केलीय बघा!"

काकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण ते ओघळ धुवायचे की नाहीत, धुवायचे तर कोणत्या महिन्यात, कशाने, आणि परांचीवर चढून कोणी धुवायचे, हे ठरवायला पुरातत्त्ववाला, पक्षीअभ्यासक आणि गवंडी अशी तीन माणसं एका टेबलाशी बसवावी लागतात. पर्यटन खात्याचा एखादा माणूस चौथा. जुन्या वास्तूची दुरुस्ती म्हणजे दगड आणि चुना एवढंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अवघड जातं ते वेळापत्रक जुळवणं. ते कसं, हे ओरछ्याच्याच उदाहरणावरून पाहू.

आधी ठिकाण समजून घेऊ. ओरछा हे मध्य प्रदेशातल्या निवाडी जिल्ह्यातलं छोटं गाव, झाशीपासून सतराएक किलोमीटरवर. मुंबईहून पंजाब मेलने झाशीला उतरायचं आणि रिक्षा करायची. १५३१ साली रुद्रप्रताप या बुंदेला राजाने इथे राजधानी वसवली. १७८३ मध्ये ती टीकमगढला हलली आणि ओरछा मागे राहिलं. महाल, देवळं, बागा, सगळं होतं तिथेच. पुढे इथे मोठं शहर वाढलं नाही, म्हणून निम्मं ओरछा वाचलं, असं म्हणायला हरकत नाही. २०१९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. आपल्याला हे घराणं झाशीमुळे ठाऊक असायला हवं, कारण झाशीचा किल्ला १६१३ साली बांधला तो ओरछ्याच्याच वीरसिंहदेवाने. पुढे १७४२ मध्ये मराठ्यांचे सुभेदार म्हणून तिथे नारोशंकर गेले. होय, तेच ते, ज्यांची घंटा नाशकात आहे आणि आपल्या भाषेतही वाजते.

आता या छत्र्या. पुण्याची शिंदे छत्री ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल. ओरछ्यात नदीकाठच्या कांचन घाटावर अशा डझनावर छत्र्या आहेत. बहुतेकींची घडण सारखी: चौकोनी, दोन-तीन मजली, कोपऱ्यांना मनोरे, मधोमध देवळासारखं शिखर. बाहेरून पाहताना जाणवतं ते हे, की प्रत्येक मजल्यावर कमानी, कोनाडे, कंगोरे, छज्जे यांची नुसती रेलचेल आहे. आणि नेमकी इथेच गिधाडाची गोष्ट सुरू होते.

गिधाडाच्या डोळ्यांनी पाहिलं तर हा डोंगराचा कडा आहे

आपल्याकडे गिधाडांच्या ज्या जाती घरटी करतात, त्यातल्या दोन लक्षात ठेवल्या तरी पुरे. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड झाडावर घरटं बांधतं. कोकणात म्हसळ्याजवळच्या चिरगावची गिधाडं ही. दुसरं लांब चोचीचं गिधाड. त्याला झाडाचं कौतुक नाही, त्याला कडा लागतो. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर ते दिसतं. उंच, माणसाच्या हाताला न लागणारी, खालून वारा वर चढणारी आणि अंडं घरंगळून जाणार नाही इतकी सपाट कपार, एवढंच त्याचं मागणं. पाच-सहा किलोचा पक्षी आणि पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर. असं अवजड धूड जागेवरून उडताना पंख फडफडवून दमतं, म्हणून त्याला खाली मोकळी दरी हवी असते, म्हणजे नुसतं झोकून देता येतं.

आता बुंदेलखंडातल्या सपाटीवर, नदीच्या काठाला, साताठ माणसं एकावर एक उभी केली तरी पुरणार नाही इतकं उंच शिखर बांधून ठेवा. त्याला कोनाडे काढा. समोर नदीचं मोकळं पात्र ठेवा. मग राजधानी हलवा आणि माणसं निघून जाऊ द्या. गिधाडाच्या लेखी राजाने कडाच बांधून दिला. स्मारक हा आपला शब्द.

ही काही वर्षांची घुसखोरी नाही. लांब चोचीची गिधाडं तीच ती जागा वर्षानुवर्षं वापरतात, जुन्या काटक्यांवर नव्या काटक्या रचतात. कोनाड्यातला तो ढीग एका हंगामाचा नसतो.

आणि ही गिधाडं किती उरली आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. १९९० च्या दशकात भारतातून गिधाडं अक्षरशः गळून पडली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे, म्हणजे मुंबईच्या आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, डॉ. विभू प्रकाश घरटी मोजत होते. घरटी रिकामी पडताना त्यांनीच पहिल्यांदा नोंदवलं. कारण सापडलं २००४ मध्ये: डायक्लोफिनॅक. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं साधं, स्वस्त औषध. ते टोचलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, युरिक आम्ल अंगभर साचतं आणि काही दिवसांत ते मरतं. शंभरातल्या एका जनावराच्या शवातही हे औषध असण्याची गरज नाही, त्याहून कमी प्रमाणही अख्खी जात संपवायला पुरतं, कारण एका शवावर पन्नास गिधाडं उतरतात. लांब चोचीच्या गिधाडांची संख्या पंधराएक वर्षांत ९७ टक्क्यांच्या आसपास घटली. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली.

त्यात हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. पिल्लू मोठं होऊन स्वतः घरटं करायला साधारण पाच वर्षं लागतात. म्हणजे परांची बांधणाऱ्याने चुकीच्या महिन्यात कोनाड्यासमोर दोन दिवस ठोकाठोकी केली आणि जोडी उठून गेली, तर त्या जोडीचं अख्खं वर्ष गेलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये गिधाड पहिल्या अनुसूचीत आहे, आणि पक्ष्याचं घरटं वा अंडं विस्कटणं हे त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसतं. "साफसफाई करत होतो" हा त्यावर बचाव नाही.

चुना घाई करत नाही

दुसरीकडे वास्तूचीही निकड आहे. दुरुस्ती केली नाही तर गिधाडांचा कडाच ढासळेल.

आमच्या गावच्या देवळाचं उदाहरण देतो, गावाचं नाव नको. पंचवीसएक वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. दगडांमधल्या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या, वर दोरीसारखी ठसठशीत रेघ काढली. सगळ्यांना फार आवडलं. आज त्या दरजा तशाच शाबूत आहेत आणि मधला दगड बोटभर आत खाल्ला गेला आहे. भिंतीवरून हात फिरवला की तळव्याला पीठ लागतं.

याचं कारण सोपं आहे. जुन्या भिंतीत ओल असतेच. जमिनीतून चढते, पावसाची मुरते. ती बाहेर पडायला वाट शोधते. दरजेत चुना असेल तर ओल चुन्यातून बाहेर येते, कारण चुना सच्छिद्र असतो. तिच्यासोबत क्षारही बाहेर येतात आणि चुन्याचं थोडं नुकसान करतात. चुना झिजला की पुन्हा भरता येतो; तो बळीचा बकराच असतो म्हणा. सिमेंटने ती वाट बुजवली की ओल दगडातून किंवा विटेतून निघते, क्षार तिथेच पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मऊ वस्तू वाचवायला कडक वस्तू वापरली की मऊ वस्तूच मरते.

म्हणून संवर्धनात चुना. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो खदखदतो, वाफा सोडतो. याला चुना विझवणं म्हणतात. मग तो मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. चांगल्या मुरलेल्या चुन्यात थापी घातली तर तो तिला डिंकासारखा चिकटतो. मग दगडी चाकाच्या चुनाघाणीत वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घालून मळायचा. जुने कारागीर त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, उडदाचं पाणी घालत. कामाच्या जागी उन्हात उभं राहिलं की गुळाचा आंबूस वास येतो आणि आपण गुऱ्हाळावर आलो की काय असं वाटतं.

आणि इथे कळीचा मुद्दा. भिंतीवर लावलेला चुना हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडाचा चुना, चुन्याचा दगड. या परतीच्या प्रवासाला आठवडे लागतात, जाड थराला महिने. त्या काळात तो ओलसर राहायला हवा. कडक उन्हात पटकन वाळला तर भुरभुरतो. धो धो पावसात वाहून जातो. म्हणजे उघड्या शिखरावरच्या चुन्याच्या कामाला गवंडी कोणते महिने मागेल? पाऊस संपल्यापासून ऊन तापेपर्यंत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

एकाच मोसमावर तिघांचा दावा

लांब चोचीचं गिधाड साधारण नोव्हेंबरपासून घरट्याला लागतं. अंडं घातल्यावर सुमारे पन्नास दिवस नर-मादी आळीपाळीने उबवतात. पिल्लू बाहेर आल्यावर उडायला तीन-साडेतीन महिने. हिशेब केला तर एप्रिल-मे उजाडतो.

आणि पर्यटक? बुंदेलखंडात मे महिन्यात हिंडायला कोण जाईल! पर्यटकही ऑक्टोबर ते मार्च.

म्हणजे गवंडी, गिधाड आणि पर्यटक, तिघांनाही तेच शिखर त्याच महिन्यांत हवं आहे. चुन्याचं मिश्रण, पक्ष्यांची गणना, तिकिटाचा दर हे सगळे प्रश्न नंतरचे. या तिढ्याकडे न बघता निविदा काढली, तर खात्याला मार्चअखेर पैसे खर्च करायचे असतात आणि डिसेंबरात परांची चढते. मला वाटतं, आपल्याकडच्या वारसा-दुरुस्तीत पक्ष्यांचा जीव घेणारी सगळ्यात धारदार वस्तू म्हणजे आर्थिक वर्ष.

सुटका कशी? काम कापून वाटून घेणं, एवढीच. उघड्या शिखराचं, घरट्याजवळचं काम पिल्लं उडाल्यावर, म्हणजे मेअखेर ते पाऊस सुरू होईपर्यंत, आणि मग पाऊस ओसरल्यावर गिधाडं घरट्याला लागायच्या आत. दोन्ही खिडक्या अरुंद. मे-जूनच्या उन्हात चुना वाळू नये म्हणून ओली गोणपाटं टांगावी लागतात, दिवसातून चार-पाच वेळा पाणी शिंपडावं लागतं, काम पहाटे आणि संध्याकाळी करावं लागतं. महाग पडतं, पण होतं. हिवाळ्यातला सोन्यासारखा मोसम मग वाया घालवायचा का? नाही. तो छत्रीच्या आतल्या गिलाव्याला, तळमजल्याच्या फरसबंदीला, बागेच्या भिंतींना आणि ज्या छत्रीवर त्या वर्षी घरटं नाही तिला द्यायचा. एकावेळी सगळ्या छत्र्यांना परांच्या बांधायच्या नाहीत. एक आज, शेजारची दोन वर्षांनी, म्हणजे हुसकल्या गेलेल्या जोडीला जायला जागा राहते.

त्यासाठी कुठल्या कोनाड्यात कोण राहतं हे आधी माहीत हवं. इथेच काकांचे ते पांढरे ओघळ कामाला येतात. वास्तूच्या चारही बाजूंची मोजमापाची रेखाचित्रं तर संवर्धनासाठी काढावीच लागतात. त्याच कागदावर, पलीकडच्या काठावरून दुर्बिणीतून पाहून, प्रत्येक घरट्याला आकडा द्यायचा. ताजा पांढरा ओघळ म्हणजे घर नांदतं. करडा पडलेला, पावसाने पुसट झालेला म्हणजे सोडलेलं किंवा गेल्या वर्षीचं. घरट्याला लागताना, उबवताना आणि पिल्लू मोठं झाल्यावर, अशी हंगामात निदान तीन वेळा ही पाहणी करायची. वर्षभराने तो कागद गवंड्याच्या हातात देता येतो: या खुणा असतील तिथे अमुक महिन्यांत जायचं नाही. शास्त्रीय अहवाल शंभर पानांचा असो, परांचीवर हा एक कागदच चढतो.

आणि ओघळ धुवायचे का? विष्ठेतलं आम्ल आणि क्षार चुन्याच्या गिलाव्याला खातात, हे खरं. पण ते काम पिढ्यांच्या वेगाने चालतं. दाबाच्या पाण्याचा फवारा तेच काम दुपारभरात उरकतो. म्हणून जिथे कोरीवकाम वा रंगकाम आहे तिथे मोसमाबाहेर मऊ ब्रशने, साध्या पाण्याने. बाकी ठिकाणी राहू द्यावेत. काकांना हे पटलं नाही. "मग लोकांना सांगा तरी तसं," असं मात्र ते म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. ओघळ कशाचे आहेत हे सांगणारी एक छोटी पाटी लावली तर घाण वाटणारी गोष्ट बघण्यासारखी होते.

बाकीची बिऱ्हाडं

गिधाड भव्य, म्हणून त्याच्याबद्दल बोललं जातं. जुन्या वास्तूत राहणारं बाकीचं गणगोत मोठं आहे.

पाकोळ्या छताच्या कोपऱ्यात पिसं-गवताचे गोळे चिकटवतात. पिंगळा परांचीसाठी ठेवलेल्या जुन्या भोकांत राहतो. "सगळी भोकं बुजवा" असा सरसकट आदेश निघाला की हा पहिला बेघर होतो, कधी आतल्या आतच गाडला जातो. वटवाघळांना अंधार, दमट हवा आणि एकच ठरलेली वाट लागते; देवगिरी किल्ल्याच्या अंधेरीतून, म्हणजे त्या काळोख्या भुयारातून, जे गेलेत त्यांना वास अजून आठवत असेल. तळघराला जाळी ठोकायची तर कबुतरं अडतील आणि वटवाघूळ जाईल अशी आडवी फट सोडावी लागते. एवढ्या बारक्या गोष्टीवर वसाहत जगते किंवा उठते.

पाहुण्यांमधला खरा त्रासदायक म्हणजे पिंपळ. फळं खाणारे पक्षी बी टाकतात, दरजेत ते रुजतं, आणि दहा वर्षांत मूळ भिंत फोडतं. उत्साही मंडळी श्रमदानात तो उपटतात. रोप बोटाएवढं असेल तर ठीक. मनगटाएवढं झालेलं ओढलं की मुळासोबत भिंतीच्या पोटातली भर बाहेर येते. ते कापून, खोडाला औषध लावून, मूळ पूर्ण सुकू द्यायचं आणि मगच पोकळीत पातळ चुना सोडायचा. इथे मी निसर्गाच्या बाजूने नाही.

आग्या मोहोळाचं काय करायचं, हे महाराष्ट्रातल्या गडांवर फिरणाऱ्यांना सांगायला नको. धूर, अत्तर, दगड, फटाके, ढोल, यांतलं काहीही पुरतं आणि पोळं उठतं. ते जाळून टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांना एवढंच: या माशा मोसमी असतात, ठराविक काळ राहून उठून जातात. तेवढे दिवस तो दरवाजा बंद ठेवून दुसऱ्या वाटेने लोक सोडले तरी भागतं.

आणि दिवे. संध्याकाळी वास्तू उजळून टाकायची हौस आता सगळीकडे आहे. वटवाघळं बाहेर पडण्याची वेळ आणि झोत सुरू होण्याची वेळ एकच असते. उजेडात ती आत अडकून राहतात आणि किड्यांचा सगळ्यात भरगच्च तास हुकतो. झोत खालून वर मारण्याऐवजी जमिनीलगत, पिवळसर, ज्या बाजूला घरटी नाहीत तिकडून, आणि ठरलेल्या वेळी बंद. वास्तू तरीही सुंदर दिसते. माझ्या मते जास्तच, कारण सावल्या उरतात.

सायकल यात कुठे बसते

ओरछ्यात बेतवेवर एक जुना, अरुंद, बुटका पूल आहे. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. तो ओलांडला की ओरछा अभयारण्याचं फाटक लागतं. बेतवा आणि जामनी या नद्यांच्या मधला हा पंचेचाळीसेक चौरस किलोमीटरचा जंगलपट्टा. गावात सायकल भाड्याने मिळते, फाटकावर तिकीट काढायचं आणि आत जायचं. वाघाचं जंगल नव्हे हे. चितळ, नीलगाय, माकडं, मोर, आणि नदीच्या खडकांवर पाणपक्षी.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. छत्र्या एका काठावर, सायकलींचं जंगल समोरच्या काठावर. छत्र्यांचं जे प्रसिद्ध दृश्य आपण चित्रांत पाहतो, पाण्यात प्रतिबिंब पडलेलं, ते मिळतं पुलावरून आणि पलीकडूनच. गिधाडाला निवांत वाटेल असं अंतर आणि छायाचित्रकाराला हवं असलेलं अंतर इथे योगायोगाने एकच आहे. मोसमात शिखरांकडे जाणारे जिने बंद ठेवले तर पर्यटकाचं काहीच बुडत नाही, उलट त्याला पुलापलीकडे पाठवलं तर अर्धा दिवस जास्त थांबतो. गिधाडांच्या महिन्यांत पलीकडे एखादी चांगली दुर्बीण तिवईवर लावून स्थानिक वाटाड्या उभा करावा, पिल्लू दाखवून पैसे घ्यावेत. सायकलवाला, चहावाला आणि वाटाड्या, तिघांच्या हातात पैसा पडतो, आणि मग कोनाड्यात पिल्लू असण्यात गावाचाही फायदा असतो.

भरतपूरला हे कधीचंच चालू आहे. केवलादेवमध्ये लोक पायी, सायकलने किंवा रिक्षाने फिरतात, आणि रिक्षावाले पक्ष्यांची नावं घडाघड सांगतात. गाडीच्या काचेतून जो पक्षी "तो काळा" असतो, तो रिक्षावाल्याच्या तोंडून नाव, गाव, घरटं घेऊन येतो.

सायकल म्हणजे मात्र सगळं शुद्ध, असंही नाही. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे वळणावर जनावर दचकतं. घंटी वाजवत जाणं इथे सभ्यपणाच. ओल्या मातीच्या पायवाटेवरून शंभर सायकली गेल्या की चर पडते आणि पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. म्हणून वाट ठरलेली हवी, मुरुमाची, पाणी बाजूला काढलेली, आणि पावसाळ्यात बंद. वास्तूजवळ सायकली लावायला साधी आडवी नळी पुरते, पण ती जोत्यापासून दूर हवी. नाही तर लोक सायकल सरळ चार शतकांच्या खांबाला टेकवतात आणि साखळीने बांधूनही ठेवतात. आणि वाटेवरच्या बाभळी छाटल्या तर त्या फांद्या वाटेवर पडू देऊ नका. हे मी चाक हातात धरून, दोन किलोमीटर चालत आल्यानंतर लिहितो आहे.

आपल्याकडे हा विषय आता दारातच आला आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. पैसा येईल, वाटा रुंद होतील, बुरुज बांधले जातील. सह्याद्रीच्या किल्ल्यांचे कडे हे तर खरेखुरे कडे, तिथे गिधाडाला फसायचीही गरज नाही. आपला पाऊस बुंदेलखंडापेक्षा कितीतरी मोठा, म्हणजे चुन्याच्या खिडक्या आणखी अरुंद. आणि आपल्या गडांवर हिवाळी गर्दी ओरछ्याच्या अनेकपट. कोणत्या बुरुजाच्या कपारीत कोण कधी राहतं, हे लिहिलेला एक कागद प्रत्येक गडाच्या कामाच्या निविदेला जोडलेला असावा, एवढं मागायला हरकत नाही.

त्या संध्याकाळी काकांच्या मुलीने दुर्बीण मागून घेतली. तिला सांगितलं, आधी पांढरा ओघळ शोध, मग त्याच्या वरच्या टोकाला जा. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आत अजून एक आहे. छोटं. करड्या लोकरीचं." काकांनी दुर्बीण घेतली आणि सूर्य बुडेपर्यंत परत दिली नाही. सायकल सातच्या आत परत करायची बोली होती. मला वीस रुपये जास्त पडले.